किती आणि किती वर्षं

हृदयविकारावर कुठेही बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "त्याचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं, तरी अटॅक आला." बहुतेक वेळा ते खरं असतं. २००९ साली अमेरिकेतल्या पाचशेहून अधिक रुग्णालयांच्या नोंदींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयधमन्यांच्या आजारासाठी दाखल झालेल्या सुमारे १ लाख ३७ हजार रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतो ते, दाखल होतानाच्या तपासणीत दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमच्या खाली होतं. या आकड्यावर कितीतरी भाषणं आणि पुस्तकं उभी राहिली. कोलेस्टेरॉलचा हृदयविकाराशी संबंधच नाही, हा सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे, असं सांगणारे डॉक्टरही पुढे आले. लोकांनी गोळ्या बंद केल्या.

हा निष्कर्ष चुकीचा आहे असं मी ठामपणे म्हणतो. पण आकडा खोटा नाही, आणि त्याला टाळून या विषयाचा आढावा घेता येत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिलं म्हणजे झटक्याच्या काळात एलडीएल थोडं खाली येतं आणि काही रुग्ण आधीपासून गोळ्या घेत असतात. पण खरं उत्तर लंडनचे साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८० च्या दशकातच देऊन ठेवलं होतं. खूप जास्त कोलेस्टेरॉल असणारे लोक संख्येने थोडे असतात, मध्यम कोलेस्टेरॉल असणारे प्रचंड असतात. मध्यम गटातल्या एकेकाचा धोका कमी असला, तरी बहुसंख्य झटके याच गर्दीतून येतात. अख्ख्या समाजाची सरासरीच जर आजारी पातळीवर गेली असेल, तर सरासरीइतका आकडा असणं ही सुरक्षिततेची खूण राहत नाही. नवजात बाळाच्या रक्तात एलडीएल साधारण ३० च्या आसपास असतं. बोलिव्हियाच्या जंगलात शिकार, मासेमारी आणि शेती करून राहणाऱ्या त्सिमाने लोकांची २०१७ साली तपासणी झाली तेव्हा त्यांची सरासरी ९१ होती आणि ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्के लोकांच्या हृदयधमन्यांत आजाराची खूण मानला जाणारा कॅल्शियमचा कणही नव्हता. आपल्याकडे १२० ला 'ठीक आहे' म्हणून घरी पाठवतात.

दुसरं उत्तर काळाचं आहे, आणि या लेखाचा सगळा भर त्याच्यावर आहे. ते कळायला गेल्या शंभर वर्षांत पुरावा कसा साठत गेला ते पाहावं लागतं.

१९१० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ विंडाउस यांनी रोगट महाधमनीत निरोगी धमनीपेक्षा कितीतरी पट जास्त कोलेस्टेरॉल असल्याचं दाखवलं. १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच थर तयार झाले. उंदरांवर आणि कुत्र्यांवर तोच प्रयोग फसला, तेव्हा ससा शाकाहारी प्राणी, त्याला असलं खायला घातल्यावर दुसरं काय होणार, असं म्हणून हे काम कित्येक वर्षं बाजूला पडलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवायला सुरुवात झाली. रक्तदाब, धूम्रपान आणि कोलेस्टेरॉल या तिन्हींची नावं धोक्याचे घटक म्हणून १९६० च्या दशकात तिथूनच जगभर गेली. अँसेल कीज यांनी सात देशांतल्या सुमारे १२,७०० पुरुषांचा अभ्यास केला. त्यात पूर्व फिनलंडमध्ये झटके सर्वाधिक, तर क्रीट बेटावर आणि जपानमध्ये अगदी कमी निघाले. कीज यांनी सोयीचे देश निवडले असा आरोप आजही होतो. तो मुळात त्यांच्या १९५३ च्या सहा देशांच्या आलेखावरचा आहे, नंतरच्या अभ्यासावरचा नव्हे, पण दोन्हींची गल्लत नेहमी होते. फिनलंडने मात्र वाद घालत न बसता १९७२ मध्ये उत्तर करेलिया प्रांतात लोणी, साय आणि सिगारेट कमी करण्याची मोहीम हाती घेतली. पुढच्या चार दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

तरीही या सगळ्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. लोणी खाणारा माणूस सिगारेटही ओढत असेल, व्यायाम करत नसेल. मला विचाराल तर या प्रश्नाचा निकाल अगदी वेगळ्या ठिकाणी लागला: काही दुर्दैवी कुटुंबांत.

एलडीएल जन्मापासून खूप जास्त असण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून सदोष जनुक आलं तर एलडीएल साधारण १९० च्या वर जातं. अशा पुरुषांवर उपचार झाले नाहीत तर त्यांच्यातल्या निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो. दोघांकडून सदोष जनुक आलं तर एलडीएल ५०० च्याही पुढे जाऊ शकतं. कोपरांवर, गुडघ्यांवर, टाचेच्या शिरेवर पिवळसर गाठी येतात आणि कोवळ्या वयातच झटका येतो. या मुलांनी कधी विडी ओढलेली नसते, त्यांना मधुमेह नसतो, रक्तदाब नसतो, नोकरीचा ताण नसतो. बिघडलेली गोष्ट एकच असते आणि तेवढ्यावर धमन्या बुजतात. असं दोन्हीकडून सदोष जनुक आलेलं मूल दर तीन लाखांत एखादंच असतं, पण एका बाजूने जनुक आलेली माणसं दर २५० ते ३०० मध्ये एक असतात. या हिशेबाने भारतात सुमारे पन्नास लाख लोकांना हा आजार असणार. त्यांतल्या बहुतेकांना तो आपल्याला आहे हे ठाऊकच नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

टेक्सासमधल्या डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवून या आजाराचं मूळ शोधलं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल धरून आत ओढणारे ग्राहक असतात. ते कमी असले की एलडीएल रक्तात फिरत राहतं. १९८५ चं नोबेल त्यांना यासाठी मिळालं. पुढची साखळीही आता बरीच स्पष्ट झाली आहे. फिरत राहिलेले एलडीएलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतात, तिथे अडकतात आणि बदलतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि चरबीने फुगून तिथेच मरतात. वर्षांमागून वर्षं हा थर वाढत जातो. त्यावरचं पातळ आवरण एके दिवशी फाटलं की रक्ताची गुठळी होते आणि धमनी बंद पडते. अनेकदा फाटणारा थर अँजिओग्राफीत फारसा मोठा दिसतही नसतो. म्हणून 'ब्लॉकेज ४० टक्केच आहे' हे वाक्य वाटतं तितकं दिलासादायक नाही. ही सुरुवात किती लवकर होते याचा धक्का १९५३ मध्येच बसला होता. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या, सरासरी २२ वर्षं वयाच्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनात तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या.

आता औषधाची बाजू. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांनी ६,००० हून अधिक सूक्ष्मजीव तपासून १९७३ च्या सुमाराला क्योटोतल्या धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळाच्या नमुन्यावरच्या बुरशीत यकृतातली कोलेस्टेरॉलनिर्मिती रोखणारा पदार्थ शोधला. त्यातून स्टॅटिनचं घराणं जन्मलं. एन्डो २०२४ मध्ये वारले. स्टॅटिनने कोलेस्टेरॉल उतरतं हे लवकरच दिसलं होतं, पण माणसं वाचतात का? ते उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातून आलं. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. साडेपाच वर्षांनी निष्क्रिय गोळीच्या गटात २५६ मृत्यू झाले होते आणि औषधाच्या गटात १८२. त्यानंतरच्या डझनभर चाचण्यांचा एकत्रित हिशेब सांगतो की एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरवलं की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचं वार्षिक प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी होतं. वेगळ्याच वाटेने काम करणारं एझेटिमिब आलं आणि पीसीएसके९ नावाच्या प्रथिनाला रोखणारी इंजेक्शनं आली. त्यांनीही जेवढं एलडीएल उतरवलं, जवळजवळ त्याच प्रमाणात धोका कमी केला. स्टॅटिनचा फायदा कोलेस्टेरॉलमुळे नसून दुसऱ्याच गुणामुळे आहे, हा युक्तिवाद इथे संपतो.

पण २२ टक्के म्हणजे थोडंच की! बाकीचा धोका जातो कुठे? याचं उत्तर निसर्गाने स्वतःच केलेल्या एका चाचणीत मिळालं. काही लोकांचं पीसीएसके९ जन्मतःच निकामी असतं. २००६ साली अमेरिकेतल्या अशा कृष्णवर्णीय लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा २८ टक्के कमी होतं, आणि हृदयधमन्यांचा आजार तब्बल ८८ टक्के कमी होता. २०१२ मध्ये अनेक वेगवेगळ्या जनुकांच्या अभ्यासाचा एकत्रित निष्कर्ष असा निघाला की जन्मापासून एलडीएल ३९ मिलिग्रॅमने कमी असेल तर धोका सुमारे ५४ टक्क्यांनी उतरतो. तेवढाच उतार पन्नाशीनंतर गोळीने आणला तर फायदा त्याच्या निम्माही होत नाही. थर आधीच साठलेला असतो.

रिपोर्टवरचा आकडा हा गाडीचा त्या क्षणीचा वेग आहे, धमनी मोजते ती एकूण कापलेलं अंतर. एका माणसाचं एलडीएल सतत १३० असेल तर चाळिसाव्या वर्षी वयाचा आणि पातळीचा गुणाकार ५,२०० होतो. ज्याचं ८० आहे तो त्याच बेरजेला पासष्टीत पोहोचतो. हे गणित ढोबळ आहे, कारण सिगारेट, मधुमेह आणि रक्तदाब धमनीचं अस्तर खराब करून तीच वाट लवकर संपवतात. पण 'नॉर्मल असून अटॅक आला' या कोड्याचं उत्तर बरंचसं याच्यात आहे: मध्यम पातळी, पुष्कळ वर्षं, आणि वर दुसऱ्या एखाद्या घटकाची भर.

विरोधी पुराव्यालाही त्याची जागा द्यायला हवी. 'चांगलं' कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, औषधाने वाढवलं की हृदय वाचेल ही आशा पार कोसळली. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधाने एचडीएल भरपूर वाढवलं, आणि मृत्यूही वाढल्यामुळे २००६ मध्ये १५,००० रुग्णांची चाचणी थांबवावी लागली. नियासिन या औषधाचाही उपयोग दिसला नाही. जन्मतः एचडीएल जास्त ठेवणाऱ्या एका जनुकाच्या वाहकांनाही झटके कमी येत नाहीत. एचडीएल कमी असणं हा इशारा आहे, पण ते वाढवणं हा इलाज ठरलेला नाही. त्यामुळे 'माझं एचडीएल चांगलं आहे, एलडीएलचं काय ते चालेल' असं मानणाऱ्यांनी सावध राहावं.

आहाराच्या चाचण्या तर आणखी गुंतागुंतीच्या. सिडनीमध्ये १९६६ ते १९७३ दरम्यान हृदयविकाराच्या ४५८ पुरुषांवर चाचणी झाली. काहींना लोण्याऐवजी करडईचं तेल आणि त्याचंच मार्गारिन दिलं गेलं. सोलापूर-मराठवाड्यात पिकणाऱ्या करडईचं तेल 'हृदयासाठी उत्तम' म्हणून आपल्या शहरांतही घराघरांत गेलं, म्हणून हा निष्कर्ष आपल्याला जवळचा आहे. जुनी माहिती मिळवून २०१३ मध्ये हिशेब पुन्हा मांडला तेव्हा तेलाच्या गटात १७.६ टक्के मृत्यू निघाले आणि दुसऱ्या गटात ११.८ टक्के. मिनेसोटात मक्याच्या तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू मात्र घटले नाहीत. या चाचण्या छोट्या किंवा अल्पकाळाच्या होत्या आणि त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे त्यांच्यावरून एलडीएल निर्दोष ठरवता येत नाही. पण एका तेलाच्या जागी दुसरं तेल ओतलं की काम झालं, या समजाला त्यांनी चांगलाच तडा दिला. संतृप्त चरबी दोन वर्षांहून अधिक काळ कमी ठेवणाऱ्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर हृदयाच्या घटनांत सुमारे १७ टक्के घट दिसते. चरबी काढून तिथे साखर आणि मैदा भरला तर मात्र हाती काही लागत नाही.

स्वयंपाकघराबद्दल थोडक्यात. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलची भीती बरीच अतिरंजित होती. शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं, आणि अमेरिकेच्या अधिकृत आहार मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली गेली. खोबरेल तेलात संतृप्त चरबी सुमारे ९० टक्के असते आणि ते एलडीएल वाढवतं, कोकणी माणसाला ते कितीही प्रिय असो. नारळाच्या रसाचं कालवण वेगळं आणि रोज खोबरेलात तळण वेगळं, एवढा विवेक पुरतो. वरणभातावरची चमचाभर साजूक तुपाची धार हा आपला मोठा शत्रू नाही. मोठा शत्रू होता तो ट्रान्स फॅटने भरलेलं वनस्पती तूप आणि त्यात तळलेली खारी, फरसाण, बेकरीचे पदार्थ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या कमी लोकांना माहीत असावी याचं वाईट वाटतं.

आणि आता आपलं स्वतःचं चित्र, कारण तिथे पाठ्यपुस्तकातलं कोलेस्टेरॉल जसंच्या तसं बसत नाही. बावन्न देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरांना जवळजवळ ५९ व्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या एका पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रही होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांत एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले १३.९ टक्केच होते, पण एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी जास्त असलेले २९.५ टक्के. म्हणजे ज्या आकड्याकडे आपण आधी पाहतो तो ठीक आणि आजूबाजूचे बिघडलेले.

याचं एक कारण पुण्यात उलगडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, ही आपल्याकडची शरीरठेवण. पोटातली ही चरबी यकृताला ट्रायग्लिसराइडने भरलेले कण जास्त बनवायला लावते आणि एलडीएलचे कण लहान व संख्येने अधिक होतात. लॅब मोजते ती कणांतल्या कोलेस्टेरॉलची बेरीज. कण लहान असले की बेरीज ठीक दिसते, धमनीत शिरणाऱ्या कणांची संख्या मात्र वाढलेली असते.

यावर एक फुकटचा उपाय आहे. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. एकूण १९५ आणि एचडीएल ६० असेल तर उरतात १३५. एकूण तेवढंच आणि एचडीएल ३४ असेल तर १६१. दोन्ही रिपोर्टांवर एकूण कोलेस्टेरॉल '२०० च्या आत' म्हणून सारखंच ठीक दिसेल, धोका मात्र सारखा नाही. या वजाबाकीसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शनात कमी धोका असणाऱ्यांसाठीही एलडीएल १०० आणि ही वजाबाकी १३० च्या खाली ठेवायला सांगितलं, आणि पहिली तपासणी १८ व्या वर्षी करायला. ती शिफारस वाचून मला मनापासून बरं वाटलं. त्याच कागदात लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा तरी तपासावं असंही आहे. नॉर्वेच्या कोरे बेर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा एलडीएलसारखाच कण जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक आहे. पथ्याने तो हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. आपल्या भागातल्या लोकांत तो युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. घरात चाळिशीच्या आसपास झटके आले असतील आणि बाकी सगळं ठीक दिसत असेल, तर ही तपासणी जरूर मागावी.

स्टॅटिनच्या भीतीबद्दल लंडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला. अंगदुखीमुळे गोळ्या सोडलेल्या ६० जणांना बारा बाटल्या दिल्या गेल्या: चारांत स्टॅटिन, चारांत निष्क्रिय गोळ्या, चार रिकाम्या. २०२० साली निकाल आला. गोळी घेतल्यावर होणारा त्रास त्यांना खरोखर होत होता, पण त्यातला ९० टक्के निष्क्रिय गोळीनेही तितकाच होत होता. निम्म्यांनी औषध पुन्हा सुरू केलं. मधुमेहाचा धोका मात्र खरा आहे: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर एकाला जास्तीचा मधुमेह होतो, आणि त्याच काळात हृदयाच्या पाचेक मोठ्या घटना टळतात. ७५ वर्षांवरच्या, कधीही हृदयविकार न झालेल्या माणसाला गोळी सुरू करावी का, याचं खात्रीचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे अजून नाही. तिथे डॉक्टर आणि रुग्ण यांनी बसून ठरवणं हेच योग्य.

पण झटका येऊन गेलेल्या माणसाबद्दल तसा कुठलाही संदेह नाही, आणि नेमकं तिथेच आपण सर्वांत कमी पडतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' पाहणीत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे लोक भारतासह गरीब देशांच्या गटात फक्त ३.३ टक्के होते. अँजिओप्लास्टीसाठी जमीन विकणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. त्याच माणसाची ॲटोर्व्हास्टॅटिनची गोळी, जी देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, वर्षभरात कधीतरी बंद पडते, कारण 'आता बरं वाटतंय'. स्टेंट एक जागा उघडतो. बाकीच्या धमन्यांतला थर तसाच असतो. अशा रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली आणायचं, गोळी सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासायचं, उतरलं नसेल तर एझेटिमिब जोडायचं. आणि तो पन्नाशीच्या आतला असेल, तर त्याच भेटीत त्याच्या भावंडांची आणि मुलांची लिपिड तपासणी लिहून द्यायची.